वासराला वैरण कधी, कोणती आणि किती? मोहोळकडच्या एका भावाच्या प्रश्नावर सविस्तर

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमची एचएफ क्रॉस (होल्स्टीन संकरित) कालवड ५० दिवसांची आहे, दहाव्या दिवसापासून तिच्यापुढं हत्ती गवत आणि लसूण घास मोकळा टाकलाय, दूध दोन टायमाचं मिळून २ लिटर पाजताय, आणि आता पोट दोन्ही बाजूनं लोंबायला लागलंय, केस उभे, पाठीचा कणा हाताला लागतोय. शेजारचे म्हणतात तीन महिने वासराला वैरण दाखवूच नको, दुकानदार म्हणतो फक्त गोळी खाद्य घाला, आणि घरचे म्हणतात पोट भरलंय की, मग अजून काय पाहिजे. कोणाचं खरं?

खरं सांगायचं तर शेजाऱ्यांचं आणि दुकानदाराचं अर्धं अर्धं खरं आहे आणि घरच्यांचं मात्र चुकतंय. पोट वाढणं वेगळं आणि पोट सुटणं वेगळं. मी २४ वर्षं मोहोळ, पंढरपूर, सांगोला या पट्ट्यात जनावरांची डॉक्टरकी करतोय आणि या एका गोष्टीपायी जितक्या कालवडी मागं पडलेल्या बघितल्यात तितक्या कुठल्या रोगानं पण पडलेल्या नाहीत, म्हणून जरा लांबलचक लिहितोय, वेळ काढून वाचा.

आधी वासराच्या पोटात काय असतंय ते बघू. गाईला चार कप्पे असतात हे सगळ्यांना माहितीय, त्यातलं कोटीपोट सगळ्यात मोठं, मोठ्या गाईत एकूण पोटाचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग तोच असतोय. पण वासरू जन्मतं तेव्हा हे उलटं असतंय. चौथा कप्पा, जिथं दूध पचतं, तो अर्ध्याहून जास्त आणि कोटीपोट जेमतेम पाव हिस्सा, रिकाम्या पिशवीसारखं लुळं पडलेलं. वासरू दूध ओढतं तेव्हा अन्ननलिकेच्या शेवटाला एक पन्हाळी बंद होते आणि दूध कोटीपोटाला टाळून थेट चौथ्या कप्प्यात उतरतं. म्हणजे दुधावरचं वासरू हे खरं तर अजून रवंथ करणारं जनावर झालेलंच नाही. त्याच्या कोटीपोटात चारा पचवणारे जिवाणू अजून नीट बसलेले नाहीत आणि त्या पोटाच्या भिंतीला शोषून घ्यायची ताकद पण आलेली नाही. असल्या पोटात तुम्ही घमेलंभर हत्ती गवत कोंबलं तर ते तिथं नुसतं पडून राहतंय, हळूहळू कुजतंय, पाणी धरून बसतंय. बाहेरनं पोट टम्म, आतनं वासरू उपाशी.

ज्यांनी कधी बोकडाची वजडी साफ केलीय त्यांना हे लगेच कळंल. वजडी आतनं कशी टॉवेलासारखी खरखरीत असते, बारीक बारीक जिभल्यांनी भरलेली? गाईच्या कोटीपोटाला पण तशाच जिभल्या असतात आणि चाऱ्यातनं तयार झालेली ताकद याच जिभल्यांतनं रक्तात जाते. जन्मलेल्या वासराच्या पोटात त्या जवळजवळ नसतातच, त्या उगवाव्या लागतात.

आता त्या उगवतात कशानं? इथंच बहुतेकांची गल्लत होते. आपल्याला वाटतं खरखरीत चारा पोटात गेला, घासला, की पोट तयार होतं. १९५० ते ६० च्या दरम्यान अमेरिकेत शास्त्रज्ञांनी हे तपासलं, त्यांनी वासरांच्या कोटीपोटात चक्क प्लॅस्टिकचे स्पंज आणि नायलॉनचे ब्रशसारखे तुकडे ठेवून बघितले. पोट मोठं झालं, भिंतीचा स्नायू पण वाढला, पण जिभल्या काही उगवल्या नाहीत. दुसऱ्या वासरांच्या पोटात दाण्याच्या आंबण्यातनं तयार होणारी आम्लं सोडली तर जिभल्या फुटल्या. त्यातलं मुख्य ब्युटायरिक आम्ल आणि त्याच्या खालोखाल प्रोपिओनिक. ही दोन्ही आम्लं जास्त तयार होतात ती मका, भरडा असल्या पिठूळ खाद्यातनं. चाऱ्यातनं जास्त करून ॲसेटिक आम्ल तयार होतं आणि त्याचा जिभल्यांना फारसा उपयोग नाही. म्हणजे दाणा पोटाची भिंत तयार करतो आणि वैरण पोटाचा आकार आणि स्नायू. दोन्ही पाहिजेत, पण पहिला मान दाण्याचा.

मी स्वतः बघितलेलं सांगतो. काही वर्षांपूर्वी एकाच महिन्यात दोन वासरांचं पोस्टमार्टम करायचा प्रसंग आला, दोन्ही साधारण दोन महिन्यांची. पहिलं न्यूमोनियानं गेलेलं, दुधाला कमी आणि हिरव्या चाऱ्यावर मोकळं सोडलेलं. पोट फाडलं तर आतनं पिवळट हिरवा भिजलेला चोथा निघाला, दोन्ही हातात मावेना एवढा, आणि तो काढल्यावर भिंत बघितली तर पांढुरकी, पातळ, भिजलेल्या कॅरीबॅगसारखी गुळगुळीत, बोट फिरवलं तर सरकत होतं. दुसरं विहिरीत पडून गेलेलं, चांगलं गुटगुटीत, पहिल्या आठवड्यापासून स्टार्टर (वासरासाठीचं दाण्याचं खाद्य) खाल्लेलं. त्याचं कोटीपोट आकारानं पहिल्यापेक्षा लहानच होतं, पण भिंत जाड, काळपट तपकिरी आणि आतनं नवा टॉवेल असतो तशी दाट. मालक शेजारीच उभा होता, त्याला मी दोन्हीतला फरक सांगितला, त्यानं त्याच दिवशी घरच्या बाकीच्या वासरांची गवताची पेंढी बंद केली.

मग शेजारी म्हणतात तसं तीन महिने वैरण बंदच करायची का? तर नाही. ते पण दुसरं टोक झालं. नुसतं बारीक दळलेलं पीठ किंवा गोळी खाणाऱ्या वासराच्या पोटात आम्ल फार वाढतं, त्या नव्या जिभल्यांवर पीठ चिकटून त्यांचे गठ्ठे होतात, वरची कातडी जाड होते आणि शोषण परत कमी होतं. वैरणीचा बारीक तुकडा तिथं ब्रशचं काम करतो. शिवाय चघळायला लागलं की लाळ सुटते, लाळेत सोडा असतो तो आम्ल मारतो, आणि रवंथ लवकर सुरू होतं. कोरडं खाद्य पोटात जाणारं वासरू दोन-तीन आठवड्यांचं झालं की रवंथ करताना दिसायला लागतंय, सावलीत बसल्यावर बघा तुम्ही. ज्याला काडीच मिळत नाही ते वासरू मग एकमेकांचे कान चाटतंय, अंगावरचे केस ओढतंय, दावं चघळतंय, माती खातंय. आणि आपण काय करतो, तोंडाला मुसकं बांधतो. पोस्टमार्टममध्ये लिंबाएवढे केसाचे गोळे काढलेत मी. माती खाण्यामागं जंत आणि मिनरलची कमतरता पण असते, पण काडीची ओढ हे एक कारण आहेच, मुसक्यानं ती ओढ जात नाही.

यावर परदेशातल्या शास्त्रज्ञांत पण बरीच वर्षं दोन मतं होती, कुणाच्या प्रयोगात वैरणीनं फायदा दिसला, कुणाच्या प्रयोगात तोटा. नीट बघितलं तर बराचसा फरक दाण्याच्या रूपात होता. जिथं स्टार्टरमध्ये अख्खा किंवा जाड भरडलेला मका, ओट असं होतं तिथं वैरणीची फारशी गरज पडली नाही, आणि जिथं बारीक दळलेलं किंवा गोळी होती तिथं थोडी कोरडी कुट्टी मिसळल्यावर वासरं उलट जास्त दाणा खायला लागली. आपल्याकडं गोळी नाहीतर चक्कीवरनं पीठच करून आणलेला भरडा असतोय, म्हणून आपल्याला थोडी वैरण पाहिजेच.

थोडी म्हणजे किती? दाण्याच्या ५ टक्क्यांच्या आसपास. २५-३० दिवसांचं वासरू दिवसाला ३०० ग्रॅम स्टार्टर खात असेल तर वैरण १५ ग्रॅम, म्हणजे चिमूटच. दोन महिन्यांचं वासरू किलोभर खायला लागलं की ५० ग्रॅम. एकदा काट्यावर ५० ग्रॅम कुट्टी मोजून बघा म्हणजे डोळ्याला अंदाज येईल, आपण टाकतो त्यापुढं ती काहीच नसते. दुधावर असेपर्यंत याच्या दुपटीच्या वर तर अजिबात नको.

आता कोणती वैरण, यात आपण सोलापूरवाले नशीबवान आहोत, आपल्या दारात कडब्याची गंजी असते. मालदांडी ज्वारीचा कडबा, त्यातही वरचा शेंड्याकडचा भाग आणि पाला, याची कुट्टी वासरासाठी एकदम बेस्ट. खालचं जाड धाट मोठ्या जनावराला टाका. कुट्टी पाऊण इंचापर्यंत, त्याहून लांब नको आणि पिठासारखी पण नको, चाळणीनं धूळ चाळून घ्या नाहीतर ठसका लागतो. पावसात भिजलेला, काळा पडलेला, बुरशीचा वास येणारा कडबा शेकड्याच्या भावाचा विचार न करता बाजूला काढा. कडबा नसेल तर गव्हाचं काड किंवा वाळलेलं गवत पण चालतं.

लसूण घासाबद्दल तुम्ही खास विचारलंय. घास म्हणजे ताकदीचा, प्रोटीनचा, मग तो वाईट कसा? वाईट नाहीच, पण वासराला तो इतका आवडतो की दाणा सोडून तोच खात बसतं. स्पेनमध्ये वासरांना वेगवेगळ्या वैरणी मोकळ्या देऊन बघितल्या, २०१२ साली ते प्रसिद्ध झालं, त्यात ओटचं वाळलेलं गवत, बार्लीचं काड असलं साधं काही दिलेली वासरं वैरण थोडीच खायची आणि दाणा जास्त खाऊन चांगली वाढली, लसूण घासवाली वासरं मात्र घासच जास्त खात राहिली आणि त्यांना तो फायदा मिळाला नाही. म्हणजे या वयात वैरण जरा कमी चवदार असलेलीच बरी! ऐकायला उलटं वाटतं पण गोठ्यात पण हेच दिसतंय. घास चार महिन्यांनंतर खुशाल द्या, सुकवून द्या.

हत्ती गवताचा हिशोब तर साधा आहे. कोवळ्या गवतात ८० टक्के पाणी. ५ किलो गवत खाल्लं तर कोरडं फक्त १ किलो, आणि ५० किलोच्या वासराच्या पोटात ते ५ किलोनं जागा अडवली की दाण्याला जागा कुठली राहणार? उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) कारखान्याच्या सीझनला फुकटात मिळतं म्हणून सगळ्या गोठ्यात असतं, पण त्यात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि प्रोटीन पण फारच कमी. हाडं वाढायच्या वयात ते वासराला नकोच. मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) पण तीन महिन्यांपर्यंत नको, तो ओला असतो, आंबट असतो, आणि आपल्या उन्हात वासराच्या घमेल्यात पडून दोन-तीन तासात तापतो, त्यातनं हगवण लागते. ज्वारी काढल्यावर खोडव्याचे जे कोवळे फुटवे येतात त्यावर तर वासरू काय, मोठी गाय पण बांधू नका, त्यात विष असतंय. वाळलेल्या कडब्यात तो धोका राहत नाही.

दाण्याचं बोलायचं तर तयार काफ स्टार्टर घ्या, नसेल जमत तर घरी करा: जाड भरडलेला मका ५० किलो, सोयाबीन पेंड ३०, गव्हाचा कोंडा १७, मिनरल मिक्स्चर २ आणि मीठ १ किलो. यात प्रोटीन २० टक्क्यांच्या आसपास बसतं. मका चक्कीवाल्याला सांगून जाडच काढा, एका दाण्याचे चार-पाच तुकडे, पीठ नको. सरकी पेंड दुधावरच्या वासराला घालू नका, तिच्यात गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं ते मोठ्या जनावराच्या पोटात निकामी होतं पण वासराला बाधतं. युरिया असलेली गोळी पेंड पण नाही, मोठ्या गाईची गोळी वासरापुढं टाकताना पोत्यावरचं वाचा. शेंगदाणा पेंड दिली तर ताजी, बुरशीची नको.

स्टार्टर चौथ्या-पाचव्या दिवसापासून ठेवायचा. सुरुवातीला वासरू खातच नाही, मग शेतकरी म्हणतो ह्याला आवडत नाही आणि बंद करतो. अहो, ते खायला शिकवावं लागतंय. दूध पिऊन झालं की पाच-दहा मिनिटं वासरू काहीतरी चोखायला शोधत असतं, तेव्हाच मूठभर स्टार्टर घेऊन बोटाला लावून तोंडात द्या, चोखता चोखता दाणा आत जातो, मग हळूच बोट घमेल्यात नेऊन काढून घ्या. तीन-चार दिवसात शिकतं. रोज उरलेलं काढून ताजं टाका, लाळेनं ओलं होऊन आंबलेल्या खाद्याला वासरू तोंड लावत नाही. काढलेलं गाईला घाला, वाया जात नाही.

आणि पाणी! हे मी प्रत्येक गोठ्यात सांगतो आणि प्रत्येक गोठ्यात वासरापुढची बादली कोरडी असते. दूध देतोय की, पाणी कशाला, असं म्हणतात. पण दूध तर चौथ्या कप्प्यात गेलं, कोटीपोटात पाणी येणार कुठनं? बादलीतनं प्यालेलं पाणीच कोटीपोटात जातं आणि पाण्याशिवाय तिथं जिवाणू वाढत नाहीत, दाणा आंबत नाही. एक किलो दाण्यामागं चारेक लिटर पाणी धरा. आपला एप्रिल-मे, पारा ४२-४३ ला, तेव्हा तर बादली सावलीत आणि दिवसातनं तीनदा बदललेली पाहिजे. पाणी नसलं की वासरू दाणा सोडतं, मग भूक गवतावर भागवतं, आणि परत तेच पोट.

आता तुमच्या कालवडीचं. मूळ दुखणं मला गवतात कमी आणि दुधात जास्त दिसतंय. ५० दिवसांची कालवड ४५ किलोची तरी असायला पाहिजे, तिला वजनाच्या १० टक्के म्हणजे साडेचार लिटर दूध लागतं, तुम्ही २ देताय. दुधाचा दर, खाद्याचा दर सगळं मला माहितीय, मी पण याच भागातला आहे, दोन लिटर डेअरीला जास्त गेलं की बरं वाटतं. पण ती भुकेली कालवड पुढं पडेल ते गवत खाणारच, तिचा काय दोष? मागं पडलेली कालवड उशिरा माजावर येते, जी २६-२८ महिन्यांत विणार ती ३६ वर जाते आणि ते आठ-दहा महिने तुम्ही तिला फुकट सांभाळता. दोन महिन्यांत वाचवलेल्या दुधाचा हिशोब तिथं उलटा फिटतो.

तर असं करा. हिरवं गवत आणि घास आजपासून तिच्यापुढनं बंद, दावण गाईपासून लांब करा नाहीतर ती गाईची वैरण ओढते. दूध दर दोन दिवसाला अर्धा लिटर वाढवत ४ लिटरवर आणा, एकदम वाढवलं तर हगवण लागेल. स्टार्टर १०० ग्रॅमपासून सुरू करा, ती संपवेल तसा दोन-तीन दिवसाला ५० ग्रॅम वाढवा. भुकेली आहे म्हणून एकदम किलोभर ठेवू नका, पोटात आम्ल होऊन फुगेल. कडब्याची चिमूटभर कुट्टी वेगळ्या भांड्यात. पाणी कायम. आणि शेण घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या, कारण पोट सुटायला जंत हे पण मोठं कारण आहे आणि जंत असतील तर वरचं सगळं केलेलं निम्मंच लागू पडतं. औषध आणि डोस वजन बघून तिथले डॉक्टरच ठरवतील.

म्हशीवाल्यांसाठी एवढंच की पंढरपुरीचं रेडकू असो का मुऱ्हाचं, पोटाचं शास्त्र हेच आहे, फक्त रेडकांना आईच्या दुधातनंच मोठे गोल जंत येतात, त्यामुळं १०-१५ दिवसांचं झालं की जंताच्या औषधासाठी डॉक्टरांना दाखवाच, थांबू नका. रेडकं जाण्याचं ते एक मोठं कारण आहे.

दूध तोडायचं ते वयावर नाही, खाण्यावर. सलग तीन दिवस किलोभर स्टार्टर खाल्ला की मग आठ-दहा दिवसांत दूध हळूहळू कमी करत बंद. तुमची मागं पडलीय म्हणून तीन महिने तरी धरून चाला. दूध तुटल्यावर लगेच वैरण मोकळी करू नका, इथं पण बरेच जण चुकतात. पुढचा महिनाभर दाणाच मुख्य, दोन किलोच्या आसपास, आणि कुट्टी १०-१५ टक्क्यांपर्यंत. त्यानंतर वैरण वाढवत न्या, सहाव्या महिन्यात ती कडबा, मका, घास सगळं पोटभर खाईल आणि ते पचेल पण, कारण आतली भिंत तयार असेल.

पोट लगेच आत जाणार नाही, तीन-चार आठवडे लागतील, घाबरू नका. वजनकाट्यावर पण भरवसा ठेवू नका, कारण पोटातलं गवत बाहेर पडलं की सुरुवातीला वजन कमी झाल्यासारखं दिसतं आणि शेतकरी घाबरून परत गवत टाकतो. त्यापेक्षा टेप घ्या, पुढच्या पायांच्या मागं छातीचा घेर इंचात मोजा, आणि खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, हे झालं अंदाजे वजन किलोत. हा घेर छातीचा असतो, पोटाचा नाही, म्हणून तो फारसा फसवत नाही. आजचं माप गोठ्याच्या भिंतीवर खडूनं तारखेसकट लिहून ठेवा आणि १५ दिवसांनी परत मोजा, मग दोन्ही आकडे, शेणाचा रिपोर्ट आणि ती दिवसाला स्टार्टर किती संपवते ते मला कळवा, त्यावरनं पुढचं सांगतो.